रुंद फोर्क
मी लिहिणारा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून हे धाडस करतोय, चुकलं तर माफ करा. काल हॉस्टेलखाली कुणाच्या तरी बाईकच्या फोर्कमधून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमधून, तेल गळलं होतं, त्या वासाने गंजाडच्या आमच्या घराचं अंगण आठवलं. मी अकरावीत असताना पाड्याच्या चिखलात दादाची बाईक घसरायची आणि माझं डहाणूचं कॉलेज बुडायचं. म्हणून पुढे जाड टायर बसावा यासाठी दादाने कासा गावच्या भंगारवाल्याकडून एका मोठ्या बाईकचा रुंद फोर्क आणला. आम्ही दोघांनी तो अंगणातच चढवला, पण मापं हँडल सरळ ठेवूनच घेतली होती. पूर्ण वळवलं की फोर्क टाकीला अडायचा. गाडी घसरायची थांबली, पण ताडाजवळच्या अरुंद वळणावर एका दमात वळेना. रोज सकाळी दादा तिथे थांबायचा. “उतरा प्रोफेसर, रिव्हर्स गिअर टाका!” मी उतरून गाडी मागे ओढायचो, मग ती वळायची. या जूनमध्ये मी ठाण्याला शिकायला आलो, त्यानंतर घरी जाणं झालं नाही. इथे मला कुणी प्रोफेसर म्हणत नाही. खाली बाईक थांबली की अजूनही मी खिडकीशी जातो. काल त्या वासामुळे आईला फोन करून गाडीचं विचारलं. ती म्हणाली, “तू गेलास त्याच आठवड्यात त्याने जुना फोर्क परत लावला. बोलला, एकट्याला वळत नाय.”