मुका हॉर्न

खामगावात माझ्या खोलीसमोर बँडवाल्यांचं दुकान होतं. त्यांच्या सरावाचा मला भारी वैताग यायचा. त्यांच्यातले फ्रेंच हॉर्न वाजवणारे एक म्हातारे मात्र मला आवडत. बोलणं कमी. हॉर्नमध्ये फुंकायचा सुटा माउथपीस ते बंडीच्या खिशात, छातीशी ठेवत.

"थंडं पितळ ओठाले झोंबते," म्हणत. दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू देत नसत.

मग त्यांचे पुढचे दात पडले. ओठांना टेका उरला नाही, वाजवणं थांबलं. मालकानं पिंपळगाव राजा या गावचा एक सनईवाला त्यांच्या जागी आणला. यांचा हॉर्न गळका झाला होता, म्हणून नव्या माणसासाठी दुसरा जुना हॉर्न यांनीच निवडला. चकाकीकडे बघितलंही नाही. नळीत पाणी ओतून कुठं पाझरतं तेवढं पाहिलं.

नव्या माणसानं शिकायचं पुस्तक मागितलं.

"पुस्तक काऊन पायजे बे? माह्या बोटाइकडे पाह्य."

आणि खिशातला माउथपीस सदऱ्याला पुसून त्यांनी त्याच्या हातावर ठेवला. मला तिथं उभं राहवेना.

पुढच्या लग्नसराईतल्या एका वरातीत ते दिसले. बँड मोठा दिसावा म्हणून मालक न वाजवणाऱ्यांनाही गणवेश चढवून चालवायचा. यांनी आपला गळका हॉर्न ओठांशी धरला होता. त्याला माउथपीस नव्हता. बोटं मात्र कळांवर बिनचूक चालली होती, आणि शेजारी वाजवणारा नवा माणूस त्या बोटांवरची नजर हलवत नव्हता.