बेट कुठे पळून जातंय

हॉटेलच्या काउंटरपाशी पोहोचल्यावर माणसं आधी बॅग खाली ठेवतात. आमचे सर ठेवत नसत. बॅग खांद्यावर तशीच लटकत असताना ते शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढायचे, दोन बोटांनी काउंटरवर पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "आधी एवढं लिहून घ्या." चेन्नई असो नाहीतर हैदराबाद, हे वाक्य ते मराठीतच म्हणत. समोरच्याला ते कळायचंही.

तुमच्या ऑफिसातही असा एखादा असणार. पेट्रोल भरलं की कार्ड, किराणा घेतला की कार्ड, आणि त्या पॉइंटांवर वर्षाअखेरीस मिळालेला प्लॅस्टिकचा डबा सगळ्यांना दाखवत फिरणारा. सरांनाही मी पहिली काही वर्षं त्याच रांगेत बसवलं होतं. माझी माणसं ओळखण्याची अक्कल तेवढीच.

आमची कंपनी औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणारी यंत्रं बनवते. कारखाना मांजरीला, ऑफिस कोथरूडला. यंत्र विकलं की ते कधीतरी बिघडतं आणि बिघडलं की सर निघतात, अशी आमच्या खात्याची घडी होती. महिन्यातले पंधरा दिवस ते बाहेरगावीच. मुक्काम मात्र नेहमी एकाच साखळीतल्या हॉटेलांत. प्रत्येक मुक्कामाचे पॉइंट त्यांच्या नावावर जमा होत, आणि पुरेसे साठले की त्याच साखळीच्या कुठल्याही हॉटेलात घरच्यांसह फुकट राहता येई.

सरांना कुठल्याही हॉटेलात राहायचं नव्हतं. त्यांना एकच हॉटेल हवं होतं, अंदमानचं, समुद्राला अगदी खेटून असलेलं. त्यामागे त्यांची मुलगी होती. ती चौथीत असताना सरांनी दौऱ्यावरून एक माहितीपत्रक घरी आणलं होतं. त्यातल्या नारळाच्या झाडांवर बोट ठेवून ती म्हणाली, बाबा, आपण इथे जायचं. सरांनी शब्द दिला. माहितीपत्रक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं गेलं. त्याच वर्षी सरांच्या आईला अर्धांगवायू झाला.

आई पुढे चौदा वर्षं अंथरुणावर होत्या. सर दौऱ्यावर, मुलगी शाळेत आणि वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आईंच्या उशाशी. आईंना टाकून बेटावर कसं जायचं, म्हणून बेट राहिलं. त्यातच मुलीची दहावी, मग बारावी, मग लग्न. पॉइंट वाढत गेले, मुलगी वाढत गेली आणि माहितीपत्रकातला समुद्र कपाटाच्या दारावर पिवळा पडत गेला. हे सगळं मला सरांनी एकदम कधी सांगितलं नाही. प्रवासात तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

ऑफिसात त्यांना कोणीही चिडवायचं. सर, झालं का बेट विकत घेऊन? त्यावर सर चष्मा पुसत म्हणायचे, "बेट कुठे पळून जातंय?" आणि कामाला लागायचे.

मी त्यांच्याबरोबर खूप हिंडलो. हैदराबादचा आमचा ग्राहक शहराच्या एका टोकाला आणि सरांचं लाडकं हॉटेल दुसऱ्या टोकाला. त्यामुळे रोज रिक्षात हाडं खिळखिळी करून घ्यायची. मी कुरकुर केली की ते बाहेर बघत. सकाळच्या नाश्त्याला पोहे असत. पहिला घास घेऊन सर निकाल देत, "पोहे आहेत, पण पोह्यांसारखे नाहीत." आणि पुन्हा एक डाव वाढून घेत.

खोली सोडताना ते स्वतः चादर झटकून, घडी घालून पलंगाच्या पायाशी ठेवत. अहो, इथे माणसं असतात त्याला, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "असतात ना. म्हणूनच." न वापरलेल्या साबणाच्या वड्या मात्र ते न चुकता बॅगेत टाकत. त्यांच्या घरी कोणी साबण विकत आणत नसे. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या की हे कुठे जाऊन आले ते मला साबणाच्या वासावरून कळतं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिचा अर्थ लावला नव्हता. पहाटे पाचला मी पाणी प्यायला उठलो आणि सहज खाली डोकावलं, तर सर आंघोळ करून, बूट घालून लॉबीतल्या खुर्चीत बसलेले असत. मांडीवर फोन. मी समजायचो, म्हातारपणाची झोप.

मग सर निवृत्त झाले. नारळ, शाल, भाषणं झाली. त्यांचं टेबल मला मिळालं आणि ग्राहकांचं काही चुकू नये म्हणून त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर येणारे मेलही माझ्याकडे वळवले गेले. हॉटेलवाल्यांचे मेल त्यात येऊ लागले. मी ते जाहिरात समजून न वाचता उडवत होतो. एक-दोन नव्हे, वर्षभर उडवले. सरांनी हॉटेलात ऑफिसचाच पत्ता दिलेला होता, आणि आपला तो पत्ता आता दुसरा कोणी वाचतो हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. पॉइंट म्हणजे त्यांना बँकेतली मुदत ठेव वाटे. हात लावला नाही की ती सुरक्षित.

जानेवारीतल्या एका सकाळी उडवता उडवता माझं बोट थांबलं. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं की आपले सर्व पॉइंट आज रद्द होत आहेत. खाली कारण होतं. बराच काळ या खात्यावर काहीच व्यवहार झाला नाही.  एका माणसाची वीस-बावीस वर्षं मी कचऱ्यात टाकत बसलो होतो.

सरांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "आज म्हणजे आजच?" मग म्हणाले की स्टेशनजवळ त्याच साखळीचं हॉटेल आहे, आज रात्री तिथे राहतो, म्हणजे व्यवहार झाला. मी ऑफिसातून निघालो ते थेट तिथेच.

सर आणि वहिनी दोघंही आले होते. सरांच्या खांद्यावर तीच बॅग होती. वहिनींनी ती दहा मिनिटांत भरली होती, त्यांच्या हातांना ते काम पाठ होतं. फरक एवढाच की या वेळी बॅगेत त्यांचीही एक साडी होती. सरांनी कार्ड काढलं, पुढे सरकवलं. "आधी एवढं लिहून घ्या."

काउंटरवरच्या मुलीने हसून ओळखपत्र मागितलं, ते पाहिलं आणि तिचं हसू आवरलं. पत्ता कोथरूडच्या घराचा होता. गावातल्याच पत्त्याच्या माणसांना या हॉटेलात खोली द्यायची नाही, असा नियम होता. सर म्हणाले, अहो, मी तुमच्याकडे इतकी वर्षं राहिलोय. ती नम्रपणे म्हणाली, "पुण्यात नाही ना राहिलात, सर."

सारं आयुष्य पुण्यात काढलेल्या माणसाने यावर काय बोलावं? सरांनी कार्ड उचलून खिशात ठेवलं, बॅग सावरली आणि म्हणाले, "चला." ते 'चला' मला अजून ऐकू येतं. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.

वहिनी मात्र हलल्या नाहीत. त्यांनी सरांच्या खिशातून कार्ड काढून घेतलं आणि पुन्हा काउंटरवर ठेवलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "हे बघ बाळा, हे पॉइंट यांनी एकट्यांनी नाही जमवलेले. हे जितक्या रात्री तुमच्याकडे झोपले, तितक्या रात्री मी सासूबाईंच्या उशाशी जागी होते. त्या रात्री माझ्याही आहेत. तुझ्या साहेबांना बोलाव."

साहेब आले. तिशीतला मुलगाच होता तो. त्याने सगळं ऐकलं, संगणकावर नंबर टाकला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. खोली देता येत नाही म्हणाला. पण खोलीच लागते असं नाही. आत बसून काहीही घ्या, अगदी चहासुद्धा, तो या नंबरवर लिहिला की खातं पुढे चालू राहतं. मेलमध्ये खाली तसं लिहिलेलं असतं, असंही तो म्हणाला. मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत बरंच काही होतं, पण पुणेरी माणसाने ते बोलून दाखवलं नाही हे माझं नशीब.

"मग चहा सांगा," वहिनी म्हणाल्या.

आम्ही तिघं चहा प्यायला बसलो. वहिनी सरांबरोबर अशा हॉटेलात पहिल्यांदाच बसत होत्या. खुर्चीच्या हातावरून त्यांनी एकदा हात फिरवला. चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, बरा आहे, आलं नाही. मला एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी फक्त हसण्याचं नव्हतं.

सर कप हातात धरून बसले होते. मग कपाकडे बघतच म्हणाले, "झोपत कुठे होतो मी. आईचं काही झालं आणि तुझा फोन आला तर, म्हणून पडून राहायचो."

वहिनींना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं दोन वेगळ्या गावांत दोघंही जागे होते आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच जागे आहोत. मला ती लॉबीतली खुर्ची आणि मांडीवरचा फोन आठवला.  वहिनींनी आपल्या बशीतलं एक बिस्किट सरांच्या बशीत ठेवलं.

तेवढ्यात तो मॅनेजर आला आणि नोंद झाली, पॉइंट शाबूत आहेत, असं सांगून गेला.  सर लगेच पूर्वपदावर आले. म्हणाले, आता घाई नाही, सावकाश बघू, बेट कुठे...

"वाक्य पुरं करू नका," वहिनी म्हणाल्या. "तारीख ठरल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

आणि खरोखरच उठल्या नाहीत. माझ्याच फोनवरून, दुसरा चहा संपायच्या आत, एप्रिलच्या सुट्टीतल्या चार रात्रींच्या दोन खोल्या घेतल्या गेल्या. एक या दोघांची, एक मुलगी, जावई आणि शाळेत जाणाऱ्या नातवाची. खोल्यांची नोंद होईपर्यंत सर स्क्रीनकडे परीक्षेचा निकाल लागत असल्यासारखे बघत होते. सरांचा घरचा ईमेल पत्ता मीच खात्यात भरला, दोनदा तपासून.

त्या एप्रिलनंतर सर आणि वहिनी मुलीकडे नागपूरला राहायला गेले. कोथरूडचं घर भाड्याने दिलंय. दौऱ्यावर आता मी जातो. काउंटरपाशी पोहोचलो की बॅग खाली ठेवायला विसरतो, हात आधी खिशाकडे जातो. पॉइंट साठले की मात्र मी थांबत नाही. गेल्या दिवाळीत बायकोला आणि पोरांना गोव्याला नेऊन आलो, आणि सकाळी चादरीची घडी घातली.

अंदमानहून वहिनींनी एकच फोटो पाठवला होता, तो मी जपून ठेवलाय. समुद्र त्यात जेमतेम एका कोपऱ्यात आहे. नारळाच्या सावलीत एक लांब आरामखुर्ची, तीत सर आडवे, चष्मा पोटावर, तोंड उघडं, भर सकाळी दहाला गाढ झोपलेले. फोन कुठेच दिसत नाही. खाली वहिनींनी लिहिलं होतं, "दोन दिवस असेच आहेत. मी बसलेय शेजारी. उठवत नाही."