न जेवणारा अजगर

आठवडाभर मी तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते आणि शनिवारी सकाळी बुकित पंजांगच्या घरून बस पकडून प्राण्यांच्या एका सुटका केंद्रात जाते. पिंजरे धुणं, पाणी बदलणं, पपई चिरणं अशी फुकटची कामं करते. नवरा सुरुवातीला म्हणाला होता, "घरचा ओटा पुसायचा कंटाळा आणि तिकडे कासवांची शी काढायला तयार!" त्याचं अगदीच चूक नव्हतं.

गेल्या वर्षी केंद्रात एक बर्मी अजगर आला. या देशात घरात साप पाळायला बंदी आहे. कुणीतरी हा फ्लॅटमध्ये लपवून वाढवला होता. अधिकाऱ्यांनी तो जप्त करून आमच्याकडे ठेवला. बारा फुटांहून लांब, माझ्या मांडीएवढा जाड, मधाच्या रंगावर तपकिरी ठिगळं. त्याला सांभाळायचं काम केंद्रातल्या अंकलकडे आलं. साठी उलटलेले मलय गृहस्थ, आयुष्यभर सापांत रमलेले. एवढ्या मोठ्या सापाच्या खोलीत एकट्यानं शिरायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून दुसरं माणूस मी.

अजगर जेवेना.

फ्रीझरमधला ससा आदल्या दिवशी खाली काढून ठेवायचा, वितळला की गरम पाण्यात बुडवून कोमट करायचा, मग पुसायचा. पहिल्यांदा तो ओला ससा मी दोन बोटांनी, अंगापासून लांब धरला. चौथ्या खेपेला मी केसांच्या ड्रायरनं त्याचे कान गरम करत होते. अंकल लांब चिमट्यात धरून ससा अजगरापुढे हलवत. तो जीभ बाहेर काढी, वास घेई आणि मान फिरवून घेई. उंदीर दिले, कोंबडी दिली, दिव्याची ऊब वाढवली. दोन महिने झाले.

"आजारी आहे का हो?" मी विचारलं.

"डॉक्टरनं तोंड बघितलं, छाती तपासली. ठणठणीत आहे," अंकल म्हणाले. "साप महिनोन्‌महिने उपाशी राहतो, त्याची काळजी नाही. पण हा नको म्हणत नाहीये, गर्ल. हा कशाची तरी वाट बघतोय."

कशाची? तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. एमआरटी मेट्रोत समोर बसलेली माणसं बघून वाटायचं, यांच्यापैकी कुणाच्या घरात वाढला असेल हा? त्याला कुठल्या हाताची, कुठल्या वेळेची सवय असेल?

एका शनिवारी मी शेजारची खोली धुवत होते. ओले टॉवेल टाकायला झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा खोका हवा होता. जड होता, म्हणून मी तो सिमेंटवरून घासत आणला. जाळीपलीकडे अजगरानं वेटोळ्यातून डोकं वर काढलं. जीभ भराभर आत-बाहेर. मी थांबले, तोही थांबला. मी खोका पुन्हा ओढला. तो जाळीकडे सरकला.

"अंकल, लवकर या! याला ऐकू येतं का?"

"जमिनीची थरथर याला हनुवटीतून कळते." त्यांनी स्वतः खोका ओढून बघितला. मग म्हणाले, "काही लोक सापाला जेवायला वेगळ्या डब्यात ठेवतात. मला ती पद्धत पटत नाही. पण इथे माझं मत विचारलंय कुणी?"

आम्ही खोका आत नेऊन आडवा ठेवला. मी अजगराच्या डोक्याकडून आणि अंकल शेपटीकडून उचलणार की उलट, हे ठरेपर्यंत तो स्वतःच आत शिरला.

"आता हलू नकोस," अंकल पुटपुटले आणि त्यांनी त्या दिवशीचा कोमट ससा चिमट्यात धरून पुढे केला. झडप मला दिसलीच नाही. दिसला तो एकदम वेटोळ्यात गेलेला ससा. मेलेलाच होता, तरी अजगर त्याला मनापासून आवळत होता.

मग गिळणं. जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी, जणू तोंडानंच चालत होता. "जबडा निखळतो ना?" मी हळूच विचारलं.

"सगळे तेच सांगतात. निखळत नाही. खालचा जबडा पुढे हाडानं जोडलेलाच नसतो, म्हणून तो ताणला जातो. आणि तिकडे बघ, तळाशी."

सशाच्या अंगाखालून एक छोटी नळी तोंडाबाहेर आली होती आणि तिचं टोक उघडमीट करत होतं. तोंड गच्च भरलेलं असताना तो त्या नळीतून श्वास घेत होता. मी गुडघ्यावर बसून बघत राहिले. त्याच्या जुन्या घरी कुणीतरी किती वर्षं असाच खोका ओढत आणून, असंच बसून हे पाहिलं असेल. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं असेल, वर फर्निचर हलवतायत.

"दोन दिवस हात लावायचा नाही," अंकलनी बजावलं. "हलवलं तर सगळं बाहेर टाकेल."

मला राहवेना. सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी थेट केंद्रात गेले. पोटाच्या मध्यावर फुगवटा जागेवर होता. अंकल आधीच तिथे स्टूल टाकून बसले होते. त्यांनी सरकून मला बघायला जागा करून दिली.