वीस मिनिटांतली माफी

रिवुलालाने गिटार हाती घेतली ती संगीताच्या ओढीने, असं तो सांगतो. खरं कारण त्याचे थोरले काका रालांबु. आमच्या अंतानानारिवो शहरात सोयरीक जुळवायची तर मुलाकडून बोलायला रालांबुच लागतात. भाषणाआधी माफी मागायची आमची रीत आहे: बोलणारा वयाने लहान, अकलेने लहान, उभा राहिला हाच अपराध. ही माफी काका पाऊण तास मागू शकतात. त्यांना मूलबाळ नाही. गादी पुतण्याने चालवायची, हे पुतण्याला सोडून सगळ्यांनी ठरवलं होतं.

पुतण्या शाळेत गणित शिकवतो. उरलेल्या वेळात त्याने आणि हाइंगु नावाच्या गायिकेने बँड काढला. गिटार त्याची; कीबोर्ड आणि ठेक्याचं यंत्र तिचं. रोज चार-सहा तास वीज नसलेल्या शहरात याहून शहाणपणाचा उद्योग सुचणं अवघड होतं. बँडचं नाव त्यांनी 'दिवे गेले' ठेवलं, म्हणजे तक्रारीला जागाच नको.

मग शहरातल्याच इसुराका भागातल्या सभागृहात त्यांना वीस मिनिटं मिळाली. रेयुनियन बेटावरच्या महोत्सवासाठी बँड निवडायला एक बाई येणार होत्या.

काका उदारपणे म्हणाले, "निवड झाली तर तू सुटलास. नाही झाली तर शनिवारपासून माझ्याबरोबर लग्नांना यायचं. आणि सुरुवातीचे दोन शब्द मी बोलणार. थोरांची माफी न मागता आवाज काढायला आपण काय कोंबडे आहोत?"

"नको म्हण त्यांना," हाइंगु नंतर म्हणाली.

"तूच म्हण ना."

"माझे काका आहेत का ते?"

"म्हणून तर तुला सोपं जाईल."

कोणीच म्हणालं नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी वीज होती. चमत्कार तेवढाच झाला. गवती टोपी, खांद्यावर पांढरी शाल अशा थाटात काका माइकपुढे उभे राहिले. त्यांनी पूर्वजांची, राजांची, सभागृहाच्या पहारेकऱ्याचीसुद्धा माफी मागितली. दर वाक्याला लोक "खरंय!" म्हणून साद देत होते. निवड करणाऱ्या बाई पहिली पाच मिनिटं हसतमुख होत्या.

बाराव्या मिनिटाला हाइंगुने रिवुलालाला कोपराने ढोसलं. "अरे, आवर त्यांना! आठच मिनिटं राहिली."

रिवुलालाने दुसरा माइक उचलला. काकांना तो जन्मात पहिल्यांदाच अडवत होता. आता थोरल्या माणसाला मध्येच तोडायचं, तर नुसतं "बसा" म्हणून कसं चालेल? त्याने माफी मागितली. आपण बैलांच्या पुढे धावणारं वासरू आहोत, असं तो म्हणाला. "खरंय!" लोक ओरडले. मग त्याला आणखी एक उपमा सुचली. त्यानंतर आणखी तीन. माफी स्वीकारल्याचं उत्तर काकांना देणं भागच होतं, ते त्यांनी सविस्तर दिलं.

हाइंगुने यंत्र सुरू केलं तेव्हा सव्वा मिनिट उरलं होतं. त्यांच्या पहिल्या गाण्यात शब्द दीड मिनिटानंतर येतात.

बाईंनी दूरच्या माझुंगा शहरातला एक बँड निवडला. त्या मुलांच्या घरचं कोणी आलं नव्हतं.

बाहेर काका डोळे पुसत होते. "चाळीस वर्षांत अशी माफी ऐकली नाही! शनिवारी आंबुइमांगाला जायचंय. मुलीकडचा बोलणारा तिखट आहे. बूट पुसून घाल."

"काका, पण मी..."

"सातला निघू."

हाइंगुने नव्या गिटारवाल्यासाठी जाहिरात लावली आहे. वाजवता यावं आणि घरात थोरलं माणूस नसावं, एवढ्याच अटी. तीन आठवडे झाले, अजून कोणी फिरकलेलं नाही.