माझा विसार झालाय

कावळे समोरच्या उंबरावर बसले होते. पिंड खाली दगडावर होता. आणि माझे चुलते मला सांगत होते, "म्हण, येशूला सोडते. मोठ्यानं म्हण. कावळा आत्ता शिवंल."

बापाचा दहावा होता. पेज नदीचा काठ. भावकीतले पुरुष डोकी भादरून ओल्या अंगानं उभे. मी त्यांच्यापासून लांब, उन्हात. लांब, कारण जवळ येऊ दिलं नव्हतं. एक तर मुलगी, त्यात ख्रिस्ती. बापाला मुलगा नाही म्हणून पिंड पुतण्यानं द्यायचा, आणि माझी सावलीसुद्धा त्यावर पडायला नको. शेवटच्या दिवसांत बापाचं हगणंमुतणं याच हातांनी काढलं. ते हात पिंडाला चालत नव्हते. पण कावळा अडला तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

त्याआधी सगळं करून झालं होतं. चुलतभाऊ संतोष हात जोडून म्हणाला, "काका, घराची काळजी करू नका." कावळा हलला नाही. कोणीतरी म्हणालं, "तमाखू ठेवा रं, लय आवडायची त्याला." तंबाखूची पुडी ठेवली. कावळा हलला नाही. मग सखूआत्या पुढे आली. बापाची चुलत बहीण. त्याच्या आजारपणात एकदाही आमच्या पडवीला पाय लावला नव्हता. पदर सारखा करत म्हणाली, "कसा शिवंल? पोरगी बाटली. जीव अडकलाय त्याचा."

"ऐकलंस?" चुलते म्हणाले. आख्खं गाव त्यांना तात्या म्हणतं. "तुज्या एका शब्दापायी बाप ताटकळलाय. बोल."

मी गप्प होते. मला ओळखणारे सांगतील, मी गप्प बसणारी बाई नाही. पेंढ्याचा धंदा करते. कडावपासून खालापूरपर्यंतच्या शेतांतून भाताचा पेंढा विकत घ्यायचा आणि तबेल्यांना घालायचा. डोक्यावर भारे वाहून सुरुवात केली, आज टेंपो माझा आहे. गंजीभोवती एक फेरी मारली की वरचं कोरडं किती आणि आत दडवलेलं ओलं किती, ते मला कळतं. तोंड फाटकं आहे, मान्य. त्याच तोंडावर बापाचं आणि माझं पोट चाललं. आणि तेच तोंड तात्यांना त्या दिवशी हवं होतं. कावळ्यापुढं उघडायला.

तात्या थोरले, बाप धाकटा. तात्यांनी रस्त्याकडची जमीन बंगलेवाल्यांना विकली, पांढरे कपडे शिवले, गावकीचे पंच झाले. बापानं त्यांच्या उरलेल्या शेतात हाडं झिजवली आणि जेवायला त्यांच्या पडवीत बसला. आपल्या वाट्याचा तुकडा कोणता, हे बापाला मरेपर्यंत कोणी दाखवलं नाही.

लोक मला तोंडावर विचारतात, "किती घेतलंस गं बाटायचं?" बाजारात विचारतात, हसून विचारतात. सौदा करणारी बाई फुकट कशाला जाईल, असं त्यांना वाटतं. तर ऐका.

मी टाकलेली. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं आणून सोडलं, तेही तात्यांच्या अंगणात. बापाला त्यानं विचारलंही नाही, निकाल तात्या देणार म्हणून. तात्यांनी मला एक शब्द न विचारता निकाल दिला. "हिच्यातच खोट हाय. ऱ्हाऊ द्या हितं." बाजारात म्हशीबद्दल बोलतात तसं. बाप खाली मान घालून उभा होता.

लग्नानंतरची सगळी वर्षं मी नवस बोलले होते. मूल दे, कोंबडं देईन. मूल दे, साडी नेसवीन. मूल दे, अनवाणी येईन. भगत म्हणायचा, नवस कमी पडला, वाढव. मी वाढवायची. गिऱ्हाइकाची गरज कळली की भाव चढतो, हे मी धंद्यात नाही शिकले. तिथं शिकले.

शिळफाट्याला एक मावशी राहायची. दवाखान्यात आया होती आणि दारात एक म्हैस पाळली होती. मी तिच्याकडे पेंढा टाकायची. भाव करायला माझ्याहून चिवट. दर रविवारी तिच्या खोलीत चार बाया जमून येशूची प्रार्थना करायच्या. मी बाहेर भाऱ्यावर बसून प्रार्थना संपायची वाट बघायची. आतून शब्द यायचा, तारण. तारण म्हणजे मला सोन्यावर पैसे देणाऱ्यांच्या पाटीवरचा शब्द. म्हटलं, या बायांकडे गहाण टाकायला सोनं आलं कुठून?

एकदा मी मावशीला थेट विचारलं, "तुमचा देव मूल देतो का?"

"देईल का नाय, मला ठावं नाय."

"मग देतो काय?"

"टाकत नाय."

बास. एवढंच म्हणाली आणि म्हशीपुढे पेंढा सोडायला लागली. मी घरी आले ती रागानं. फुकट मिळणाऱ्या मालात खोट असते. ती खोट शोधायला मी पुढच्या रविवारी आत जाऊन बसले. मग त्याच्या पुढच्या. भांडले मावशीशी. "त्याला माझ्याकडून हवंय काय? कोंबडं? साडी?"

मावशी हसली. "अगं येडे, त्यानं सोताला दिलं. तुज्याजवळ काय हाय त्याला द्यायला? पेंढा?"

मग तिनं सांगितलं ते माझ्या काळजात बसलं. त्याला गावाबाहेर नेला. गुन्हेगारासारखा खांबावर ठोकला. लोक खालून म्हणत होते, उतर खाली, मग आम्ही मानू तुला. तो उतरला नाही. उतरला असता तर सौदा झाला असता. तो सौद्याला आलाच नव्हता. माझं पाप आणि माझं मरण अंगावर घ्यायला आला होता. घेतलं, मेला, तिसऱ्या दिवशी उठला. हे मी मानलं. कोणी फसवलं नाही, कोणी काही दिलं नाही.

मूल झालं नाही. येशूनंही दिलं नाही. नवरा आला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मला काहीतरी मिळालं म्हणून मी तिथं टिकले असं कोणी समजू नये. टिकले कारण टाकलेल्या बाईला न टाकणारा तो एकच निघाला. लोक म्हणतात, मान की येशूला, पण एकच कशाला? माझ्यासाठी मेले किती जण? एकच. मग तारणारे दोन कुठून आणू?

तर नदीवर मी गप्प होते, आणि तात्यांना वाटलं मी वाकले.

"बापापरीस तो गोरा मोठा झाला व्हय?" ते म्हणाले.

"तो गोरा नव्हता, तात्या. सुताराचा पोर होता."

मागून कोणीतरी बोललं, "सुतारच पायजे होता तर गावात हाय की." माणसं हसली. माझ्या बापाच्या दहाव्याला हसली. पिंड तिथंच, कावळे तिथंच, आणि हसली.

तात्या हसले नाहीत. ते माझ्याहून पक्के व्यापारी. नेम धरून बोलले. "मंग भावकीफुडं असं बोल. येशूबिगर सुटका नाय म्हंतेस ना? म्हंजे तुजा बाप नरकात गेला. बोल तसं. आमी ऐकतो."

हा घाव बसला. बाप ख्रिस्ती झाला नव्हता. मी प्रार्थना करायची तेव्हा पडवीत बसून ऐकायचा, बोलायचा काही नाही. शेवटच्या दिवसांत एकदा माझं मनगट धरून म्हणाला, "बाय, तुज्या त्याला सांग. लय दुखतंय." मी सांगितलं. बापाचे ओठ हलत होते. तो काय म्हणत होता ते मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं, असं खोटं मी कधी सांगणार नाही.

मी तात्यांना म्हणाले, "माज्या बापाचा न्याय तुमी करू नका. मी करत नाय. कावळा तर नायच नाय. ज्याच्या हातात माजा जीव दिलाय, त्याच्याच हातात बापाला दिलाय. दुसरा हात मला ठावं नाय. आन त्याला मी सोडनार नाय. संध्याकाळपर्यंत उभं करा."

एक कावळा उडाला आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसला. भटजींना कर्जतला दुसरा दहावा होता. त्यांनी घड्याळ बघितलं. "किती वेळ थांबायचं? दर्भाचा करू," म्हणाले. पिशवीतून दर्भाच्या काड्या काढल्या, पीळ दिला, गाठ मारली, चोचीसारखं टोक काढलं, पिंडाला टेकवलं. झालं. बाप सुटला. माणसं आंघोळीला नदीत उतरली.

मी तिथंच उभी होते आणि माझ्या डोक्यात जाळ पेटत होता. गवत मी विकते. गवताच्या काडीची किंमत मला कोणी शिकवू नये. ती काडी सुरुवातीपासून पिशवीत होती. भटजींवर माझा राग नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. पण तात्यांनी आयुष्यात किती दहावे पाहिले असतील. कावळा आला नाही म्हणून कोणाचा दहावा अडत नाही, हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. सखूआत्याला ठाऊक होतं. तरी माझ्याकडून माझा देव मागितला. म्हणजे त्यांना बापाची सुटका नको होती. माझी मान खाली हवी होती. अंगणात आणून सोडलेल्या बाईनं टेंपो घेतला, तात्यांना न विचारता देव निवडला, ते पोटात सलत होतं. बापाचं मरण त्यांनी फक्त वापरलं.

तेव्हा मला कळलं की हे लोक मला पुन्हा उभं करतील. आज नदीवर, उद्या दुसरीकडे.

तेरावा झाला आणि संतोष आला. वाईट पोरगा नाही. पडवीच्या कडेला टेकला आणि बोटं मोडत बसला. माझ्या पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहतात तो माळ तात्यांच्या नावावर आहे.

"तात्या म्हंतात, गंज्या उचल."

"बरं."

"नायतर असं कर ताई. सोमवारी सत्यनारायण हाय आमच्याकडं. ये, हात जोड, परसाद घे. तेवढंच. घरात तुज्या येशूला पूज की. फोटो लाव देवांच्या शेजारी, तात्यांची ना नाय. माळ तुलाच. आन काकांच्या वाटणीचं पन बोलायला तयार हायत."

सौदा चांगला होता. खरंच सांगते, इतका चांगला सौदा मला आयुष्यात कोणी देऊ केला नव्हता. माळ राहत होता, बापाचा वाटा मिळत होता, गाव माझ्याशी नीट बोलणार होतं. द्यायचं काय, तर हात जोडायचे. येशूला घरातून काढायचंही नव्हतं. फक्त थोडं सरकवून बसवायचं होतं. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर मीच तिला सांगितलं असतं, घे.

पण एका रविवारी मावशी वाचत होती आणि त्यात शब्द आला, विसार. मी तिला थांबवलं. म्हटलं, सौदा पक्का करायला आगाऊ पैसे देतात तो विसार. हा आमच्या धंद्यातला शब्द, इथं कसा? तिनं समजावलं. देवानं आपल्याला स्वतःसाठी घेतलंय, आणि विसार म्हणून त्याचा आत्मा आपल्यात ठेवलाय. त्या दिवसापासून मला दुसरं कोणी समजवायची गरज पडली नाही. विसार दिलेल्या गंजीवर मी हिरवी फांदी खोचते. मग कोणी कितीही जादा भाव देऊ दे, ती गंजी दुसऱ्याला दाखवायचीसुद्धा नाही. दाखवली तर तो शेतकरी लबाड. त्याच्या शेतात मी पुन्हा पाय ठेवत नाही.

"संतोष," मी म्हणाले, "माजा विसार झालाय. तात्यांना सांग."

"म्हंजे काय? मला कळंना."

"तात्यांना कळंल. विसार घेऊन एकच तुकडा दोन बंगलेवाल्यांना दाखवलाय त्यांनी."

त्याला हसू आलं आणि ते त्यानं गिळलं.

"आन अजून सांग. गावकीनं माज्याशी येनंजानं बंद केलं, तर त्याला कायदा हाय. तो मी वाचून घेतलाय."

गंज्या उचलल्या. गावातला एकही मजूर आला नाही. मावशी दवाखान्यातून सुट्टी टाकून आली, पदर खोचला आणि टेंपोत भारे चढवू लागली. आम्ही दोघींनी माळ रिकामा केला. तात्या ओटीवरून बघत होते. आता माझा पेंढा शिळफाट्याजवळ भाड्याच्या जागेत आहे. परवडत नाही. परवडवून घेईन.

घर बापाचं आहे, तिथून मी हलणार नाही. बापाच्या वाट्यासाठी तलाठ्याकडे जाणार आहे. तात्यांची मेहरबानी म्हणून मला काही नको. जे बापाचं होतं ते हक्कानं घेईन.

आणि एक गोष्ट मी बदलली. आधी मी प्रार्थना आतल्या खोलीत करायची, दार लावून, आवाज दाबून. गावाला त्रास नको म्हणून. बापाच्या डोक्याला ताप नको म्हणून. त्या दबलेल्या आवाजामुळेच त्यांना वाटलं की हिचं तोंड बंद करता येईल. आता सकाळी पडवीत बसते. कामाला निघणारे, दूध घालणारे, शाळेत जाणारे, तात्या, सगळे त्याच वाटेनं जातात. मी येशूचं नाव मोठ्यानं घेते. तोच तारणारा, दुसरा नाही, असं मोठ्यानं म्हणते. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं वाट बदलावी.

मी आवाज कमी करणार नाही.