सळईवरच्या कुंड्या

ओल्या कुंडीचा वास आला की माझी मूठ आपोआप वळते. तेव्हा सीमेवर लढाई चालू होती. जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत बारा तासांची पाळी संपवून मी क्वार्टरमागच्या बागेत लोखंडी सळईवर एकावर एक तिरप्या कुंड्या ओवत होतो. सगळा डोलारा कलला तसा धाकटा भाऊ हसला, "काहून दादा, तुमच्या फॅक्टरीचे गोळेही असेच वाकडे जाऊन राहिले का?" मी सळई उपसली, कुंड्या फुटल्या, आणि तीच सळई त्याच्या कानावर हाणली. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. बाबांना मी सांगितलं, कुंड्या अंगावर पडल्या. भाऊ गप्प राहिला. पुढच्या आठवड्यात फौजेच्या भरतीत त्याला त्या कानापायीच परत पाठवलं. अजूनही तो दुसरा कान माझ्याकडे वळवून म्हणतो, "जोरात बोल, दादा." कुंड्या पडल्या नव्हत्या, हे बाबा असेपर्यंत मला हळूही बोलता आलं नाही.