एका झोपेत एक चित्र

मुलगी तीन महिन्यांची झाली आणि मी माहेराहून सोलापुरात परतले, तेव्हा माझे रंग, ब्रश, कागद सगळं माळ्यावर गेलेलं होतं. सासूबाई मूळच्या मैंदर्गीच्या. त्यांनी सरळ सांगितलं, "पोरगी चालाय लागली की काढ की चित्रं. आता काय घाई हाय?"

मी स्टुलावर चढून सगळं खाली काढलं. ऑइल रंगांचा वास बाळाला नको, म्हणून तेवढे राहू दिले आणि काळी शाई घेतली. तिची दुपारची झोप जेमतेम वीस मिनिटांची. मग तळहाताएवढे कागद कापले. एका झोपेत एक चित्र. मधेच ती उठली की हात पुसून तिला घ्यायचं. अर्धं राहिलेलं चित्र अर्धंच ठेवायचं, असं मी ठरवलं होतं.

उन्हाळ्यात शहरातल्या चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं. यादीत मी नव्हते. दरवर्षी बोलावणाऱ्या गृहस्थांना मी फोन केला.

"तुम्ही बाळंतीण, म्हटलं कशाला त्रास द्यायचा."

"मला विचारलंत का?"

त्यांनी विषय बदलला. "नवं काही काम आहे का पण?"

"साठ चित्रं आहेत."

भिंत मिळाली ती कोपऱ्यातली, पंख्यापासून लांब. नवऱ्याने चित्रं टांगली. उद्घाटनाची भाषणं चालू असताना मुलगी भुकेने रडायला लागली. मी खुर्चीवर बसून तिला पदराखाली घेतलं. एक बाई हळूच म्हणाल्या, "आतल्या खोलीत बसा ना."

"चित्रं इथं आहेत," मी म्हटलं, "मीही इथंच बसते." कान तापले होते, पण उठले नाही.

एक म्हातारे चित्रकार अर्ध्या राहिलेल्या चित्रांपाशी थांबले. "ही पुरी का नाही केली?"

"ही उठली म्हणून."

ते हसले नाहीत. परत पहिल्या चित्रापासून बघत आले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. बाळाला तेल लावणाऱ्या हातांच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे माझं हात हाईत की. सांगायचं न्हाय व्हय? पाटल्या घालून बसले असते."

"मला असेच हवे होते, आई."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मुलीला उचलून घेतलं. "हिला मी बघते. तू बोल लोकांशी."

हॉल बंद होईपर्यंत मी बोलत होते.